तलश्शेरी : केक, क्रिकेट, सर्कस... खरं किती आणि फेकाफेकी किती?

पायपिट्या
फेब्रुवारीत कण्णूरला मित्राचं लग्न आहे. लग्न उरकलं की दोन दिवस मोकळे आहेत. जो तो म्हणतोय वायनाडला जा, पण घाट-धबधबा-रिसॉर्ट याचा मला आता कंटाळा आलाय. नकाशा चाळताना वीसेक किलोमीटरवर तलश्शेरी दिसलं, इंग्रजांचं टेलिचेरी. वाचायला बसलो तर चक्रावलोच. भारतातला पहिला ख्रिसमस केक म्हणे इथे भाजला, केरळात क्रिकेट इथून सुरू झालं, भारतीय सर्कशीचं माहेरघर हेच, मल्याळममधलं पहिलं वर्तमानपत्र इथलंच आणि काळी मिरी तर जगभर याच गावाच्या नावाने विकतात. वस्ती किती, तर २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

माझा संशय असा की पर्यटन खात्याच्या कुठल्या तरी हुशार माणसाने इंग्रजी सी अक्षरावरून तीन गोष्टी जुळवल्या आणि तेव्हापासून सगळे तेच चिकटवत सुटलेत. कोणी राहिलंय का तिथे? दोन दिवस घालवण्यासारखं आहे का, की बिर्याणी खाऊन पुढच्या गाडीने परत?

खादाडखाऊ
बिर्याणी खाऊन पुढच्या गाडीने परत यायचं नसतं. संध्याकाळी परत बिर्याणी खायची असते. बाकी चालू द्या.

तिरपा_डोळा
संशय रास्त आहे. एकेक घेऊ.
भारतातला पहिला केक १८८३ साली? त्याच्या आधी शंभर वर्षं कलकत्ता-मद्रासचे साहेब नाताळला काय खात होते, थालीपीठ?
क्रिकेटचंही तेच. वेलस्ली या इंग्रज सेनाधिकाऱ्याने तलश्शेरीत क्रिकेट आणलं म्हणतात. आणलं असेल, पण भारतात क्रिकेट खेळल्याची सगळ्यात जुनी नोंद १७२१ ची आहे, खंबायतच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी खेळले त्याची. तेव्हा वेलस्ली जन्मलाही नव्हता.
ज्या गावात 'पहिलं' जास्त त्या गावात पुरावा कमी, असा माझा अनुभव आहे. पुण्यातही हेच चालतं :)

गोंयकार_खाशा
तिरप्या, कलकत्त्याला कशाला जातोस, गोव्यात ये ना. पोर्तुगीज पाव घेऊन आले तेव्हापासून आमचे पोदेर भट्ट्या पेटवून बसलेत. तलश्शेरीवाल्यांनी आमच्याशी पैज लावू नये.

तिरपा_डोळा
पुणे-गोवा युती झाली. +१

मनीमाऊ७२
पुण्याला मध्ये आणल्याशिवाय एक धागा पुढे सरकत नाही इथे :ड

मुक्काम_मलबार
नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे मी तलश्शेरीत बरीच वर्षं राहिलेय, तेव्हा लिहायलाच हवं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

केकची गोष्ट गावात सांगतात ती अशी. मांबळ्ळी बापू म्हणून एक गृहस्थ ब्रह्मदेशात बिस्किटं करायला शिकून आले आणि १८८० मध्ये त्यांनी इथे रॉयल बिस्किट फॅक्टरी काढली. जवळ अंजरकंडीला दालचिनीचा मोठा मळा होता, त्याचा मालक मर्डॉक ब्राउन. हा साहेब १८८३ च्या नाताळाआधी इंग्लंडहून आलेला प्लम केक घेऊन बापूंकडे आला, एक तुकडा चाखायला दिला आणि म्हणाला, असा करून दाखव. त्याने सांगितलं होतं की यात शेजारच्या माहे या फ्रेंच वसाहतीतून ब्रँडी आणून घाल. बापूंनी ते काही केलं नाही. काजूच्या बोंडाची आणि केळ्याची गावठी दारू घातली, केकचा साचा जवळच्या धर्मडम गावच्या लोहाराकडून करून घेतला. साहेब खूश झाला आणि आणखी डझनभर केकची ऑर्डर देऊन गेला.

आता तिरपा_डोळा, 'भारतातला पहिला केक' हे पोस्टरवरचं वाक्य आहे, ते सोडून द्या. साहेबाचा खानसामा साहेबाच्या स्वयंपाकघरात केक करतच असणार. माझ्या मते गंमत वेगळीच आहे. इथे केक दुकानात आला, आणि तो करणारा आपल्या नावाने धंदा करणारा स्थानिक माणूस होता. बापूंच्या घराण्यातले लोक पुढे केरळभर पसरले, ठिकठिकाणी बेकऱ्या काढल्या. केरळात प्रत्येक वळणावर बेकरी का असते याचं निम्मं उत्तर या गावात आहे.

एवढं सगळं एका गावात कसं, याचं उत्तर बंदरात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या शेवटी मिरी-वेलचीसाठी इथे वखार घातली, १७०८ मध्ये किल्ला बांधला. किल्ला म्हणून रायगड वगैरे डोळ्यासमोर आणू नका. चौकोनी, जांभ्या दगडाचा, आटोपशीर. दरवाजा मात्र ऐटबाज आहे. कंपनी आली तिच्यामागे कोर्ट आलं, कोर्टामागून वकील, वकिलांची पोरं शिकवायला शाळा, आणि मिशनरी तर येणारच. मिरीचा व्यापार करणारी केयी ही मापिळा (मलबारी मुसलमान) घराणी इतकी गब्बर होती की कंपनीलाच त्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. ओडत्तिल पळ्ळी ही त्यांनी बांधलेली मशीद नक्की बघा. मिनार नाही, घुमट नाही, उतरत्या छपरांची, वर तांब्याचे पत्रे. लांबून देऊळच वाटतं.

आणि हे बंदर चांगलं होतं असंही नाही हं. जहाजं बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माल होड्यांतून यायचा. १९१० साली समुद्रात लांब धक्का बांधला, कडलपालम म्हणतात. आता त्याचे खांब कुजलेत, वर जायला बंदी आहे. समोर जुन्या वखारींची रांग आहे. व्यापार कोळिकोड-कोचीकडे सरकला आणि हे गाव मागे राहिलं. राहिले ते शिकलेले, हातात कसब असलेले आणि कामधंदा नसलेले लोक. मग ते बाहेर पडले. कोणी बेकरी घेऊन, कोणी वकिली घेऊन, कोणी सर्कशीत.

पायपिट्या
बाई, दंडवत. एका प्रतिसादात धाग्याचे पैसे वसूल. सर्कशीचंही सांगा की, तीही पोस्टरवालीच गोष्ट आहे का?

कृष्णाकाठ
थांबा थांबा. सर्कशीचं मी सांगणार, ती आमच्या सांगलीकडची गोष्ट आहे.

विष्णुपंत छत्रे, मूळ अंकलखोपचे. ग्वाल्हेरला जाऊन घोडे शिकवायची विद्या घेतली आणि कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी राहिले. मुंबईत विलायती सर्कस बघितली, हे आपल्यालाही जमेल म्हणाले आणि १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. (इंग्रजी लेखांत हटकून 'कुर्डुवाडीचे राजे' असं छापलेलं असतं. अरे, कुर्डुवाडीला जंक्शन आहे, राजा नाही.)

ही सर्कस फिरत फिरत १८८७ च्या सुमारास तलश्शेरीला पोचली. तिथे कीलेरी कुंञिकण्णन नावाचे मास्तर होते, कळरीत (केरळी युद्धकलेच्या आखाड्यात) तयार झालेले, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या शाळेत पोरांना जिम्नॅस्टिक शिकवायचे. त्यांची आणि विष्णुपंतांची गाठ पडली. विष्णुपंतांकडे घोडे, जनावरं, तंबू सगळं होतं, पण अंगाची कसरत करणारी माणसं कमी. कुंञिकण्णन म्हणाले माणसं मी तयार करून देतो. १९०१ मध्ये त्यांनी चिरक्करा इथे सर्कशीचं शिक्षण देणारी शाळाच काढली. १९०४ मध्ये परियाळी कण्णन यांनी ग्रँड मलबार सर्कस काढली, आणि मग रांगच लागली. जेमिनी सर्कसचे शंकरन तलश्शेरीचेच, एक बंद पडत आलेली सर्कस विकत घेऊन १९५१ साली गुजरातेत बिलिमोऱ्याला नव्या नावाने पहिला खेळ केला. २०२३ मध्ये वारले, शंभरीला आले होते.

आपल्याकडे तासगाव, म्हैसाळ, सांगली या पट्ट्यात कितीतरी सर्कशी झाल्या. देवल, कार्लेकर, परशुराम माळी. पण तालीम देणारी शाळा कोणी काढली नाही. मालक आपले आणि झोक्यावर मल्याळी पोरं असा प्रकार होत गेला, आणि पुढे मालकही मल्याळी झाले. मला याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

सूर_निरागस
अवांतर : हे छत्रे म्हणजे तेच ना, रहिमतखाँसाहेबांना सांभाळणारे?

कृष्णाकाठ
तेच ते. ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणंही शिकत होते विष्णुपंत. पुढे गुरूचा मुलगा बनारसला हालअपेष्टांत सापडला तर त्याला घेऊन आले आणि सर्कशीबरोबर फिरवलं. खाँसाहेब अफूच्या तारेत असत, त्यांना सांभाळून घेणं म्हणजे वाघ सांभाळण्याच्या वरताण. विष्णुपंत गेल्यावर त्यांच्या भावाने सांभाळ केला. १९२२ मध्ये खाँसाहेब कुरुंदवाडलाच वारले. तेव्हा एका तंबूत घोडे, वाघ आणि ग्वाल्हेर घराणं, असं सगळं नांदत होतं.

सूर_निरागस
म्हणजे तलश्शेरीकरांनी कुठल्या तरी रात्री तंबूच्या मागून रहिमतखाँ ऐकले असतील?

तिरपा_डोळा
हे तुम्ही आता इथे लिहिलंत ना, पुढच्या वर्षी 'तलश्शेरीत खयालाची पहिली मैफल' असं पोस्टरवर येणार बघा.

मनीमाऊ७२
ठ्ठो!!!

मिरवेल
मिरीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून. आमची गुहागरकडे सुपारीची बाग आहे, सुपारीवर मिरवेली चढवलेत.

टेलिचेरी मिरी म्हणजे तलश्शेरीत पिकलेली मिरी नव्हे. तो दाण्याच्या आकाराचा दर्जा आहे. मिरी चाळणीवर चाळतात, साधारण सव्वाचार मिलिमीटरच्या वरचा दाणा टेलिचेरी एक्स्ट्रा बोल्ड, पावणेपाचच्या वरचा स्पेशल एक्स्ट्रा बोल्ड. दाणा वेलीवर जास्त दिवस राहू दिला की भरतो, मोठा होतो, पण तोवर पाखरं आणि पाऊस दोघांनी सोडला पाहिजे. त्यामुळे वायनाडची मिरी असो की इडुक्कीची, चाळणीवर थांबली की तिला हे नाव मिळतं.

आणि आमच्या बागेतली पन्नीयूर-१ ही जातसुद्धा त्यांच्या कण्णूर जिल्ह्यातलीच, पन्नीयूरच्या मिरी संशोधन केंद्रातून आली. लांब घोस, दाणा भरलेला, पण ऊन हवं तिला. दाट सावलीत लावलीत तर नुसता पाला. कोकणात अर्धे लोक ती सावलीत लावतात आणि मग मिरी होत नाही म्हणून रडतात.

खादाडखाऊ
मिरवेलताई, घरची मिरी विकता का? विपू (विचारपूस) बघा.

मिरवेल
बघितली. सध्या संपलेय, मार्चनंतर विचारा.

श्टुटगार्टकर
मी राहतो तिथून काल्व नावाचं गाव तासाभरावर आहे. काल्व म्हणजे जर्मन लेखक हेर्मान हेस्सेचं गाव. या हेस्सेची आई मारी गुंडर्ट १८४२ साली तलश्शेरीत जन्मली.
तिचे वडील हेर्मान गुंडर्ट, बासेल मिशनचे. तलश्शेरीजवळ इल्लिक्कुन्नूच्या बंगल्यात वीसेक वर्षं राहिले. १८४७ मध्ये तिथल्याच छापखान्यातून राज्यसमाचारम काढलं, तेच मल्याळममधलं पहिलं वर्तमानपत्र. मजकूर मुख्यतः धर्मप्रचाराचा होता, हे तिरपा_डोळा विचारायच्या आत सांगून टाकतो. त्याच वर्षी पश्चिमोदयम काढलं, त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असायचं. तब्येत बिघडल्यावर जर्मनीला परतले आणि काल्वमध्ये बसून मल्याळम-इंग्रजी शब्दकोश पुरा केला, तो १८७२ मध्ये छापून आला. हेस्सेने आजोबांच्या खोलीतली भारतातली पुस्तकं आणि वस्तू बघतच लहानपण काढलं.
आपले मोल्सवर्थ आठवले. साहेब कोश करून गेले आणि आपण अजून त्यातच शब्द शोधतोय.

तिरपा_डोळा
धर्मप्रचाराचं आधीच कबूल केल्याबद्दल धन्स. आता मला काही कामच उरलं नाही.

श्टुटगार्टकर
वेलस्ली राहिलाय की.

तिरपा_डोळा
हो, तो राहिलाच. तो १८०० च्या आसपास मलबारात होता, कंपनीविरुद्ध लढणाऱ्या पळश्शी राजाच्या मागावर, हे खरं. सैनिक कमी पडले म्हणून गावातले धोबी आणि चांभार क्षेत्ररक्षणाला उभे केले आणि तेच पुढे तरबेज झाले अशी दंतकथा सांगतात. कागद कोणी दाखवत नाही. १८०३ मध्ये हाच माणूस असईला शिंदे-भोसल्यांविरुद्ध उभा होता, जालन्याकडचे लोक त्याला क्रिकेटसाठी ओळखत नाहीत. पळश्शी राजा मात्र त्याला सापडला नाही, तो १८०५ च्या नोव्हेंबरात वायनाडच्या जंगलात मारला गेला, तोवर वेलस्ली भारत सोडून गेला होता.

मुक्काम_मलबार
कागद नसेल, पण मैदान आहे. शहराच्या मधोमध, त्यावर रणजीचे सामने झालेत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांचं नाव दिलंय. ते इथल्याच कोर्टात वकिली करायचे आणि १९५७ मध्ये तलश्शेरीतूनच निवडून येऊन मंत्री झाले. आमच्या वेळी संध्याकाळी तिथे एका बाजूला फुटबॉल, एका बाजूला क्रिकेट आणि कडेने डायबेटिसवाल्यांची फेरी, कोणाचा बॉल कोणाच्या पायात काही कळायचं नाही. केरळ फुटबॉलवेडं राज्य, पण तलश्शेरीतल्या म्हाताऱ्यांना क्रिकेटवर बोलताना ऐकाच.

उसाचा_फड
एवढ्या पुरुषांची नावं आली, जानकी अम्माळ कोणीच घेतलं नाही? एडवलेत कक्कट जानकी अम्माळ, जन्म १८९७, तलश्शेरी. अमेरिकेत मिशिगनला जाऊन १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट. मग कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात काम, उसाचे संकर, गुणसूत्रं. तिथे बाई म्हणून आणि जात म्हणून त्रास झाला, इंग्लंडला निघून गेल्या, युद्धाच्या बाँबवर्षावात तिथेच काम केलं. १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ काढला. पुढे नेहरूंनी बोलावलं म्हणून परत आल्या. १९७७ मध्ये पद्मश्री. म्हातारपणी सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवायच्या चळवळीत होत्या.
आम्ही कोल्हापूरकडे को-८६०३२ लावतो. ही जात त्यांच्या नंतरची, पण ते 'को' म्हणजे कोइमतूरचं तेच केंद्र. ऊस लावणाऱ्या शंभर जणांना विचारा, या बाईंचं नाव एकालाही सांगता येणार नाही.

मनीमाऊ७२
मला माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

मुक्काम_मलबार
फार बरं केलंत. या गावात मुली शिकल्या त्यामागे मिशनच्या शाळा आहेतच, पण ब्रेननचंही नाव घ्यायला हवं. एडवर्ड ब्रेनन बंदरावरचा अधिकारी. आयुष्याची कमाई सगळ्या जातीधर्माच्या मुलांना शिकवायला ठेवून गेला. १८६२ मध्ये शाळा निघाली, तिचंच पुढे ब्रेनन कॉलेज झालं. त्याची कबर किल्ल्याजवळच्या इंग्रजी चर्चच्या आवारात आहे. आणि १९०८ मध्ये समाजसुधारक नारायण गुरूंनी इथे जगन्नाथ मंदिराची प्रतिष्ठापना केली, ज्यांना इतर देवळांत पाऊल ठेवता येत नव्हतं त्यांच्यासाठी.

लालबावटा_नाही
गोड गोड चाललंय म्हणून एक कडू घोट. तलश्शेरी-कण्णूर म्हटलं की आम्हाला पेपरात राजकीय खून आठवतात. गावठी बाँब, कोयते, आज यांचा एक उद्या त्यांचा एक. १९७१ च्या शेवटी दंगल झाली, तिच्यावर चौकशी आयोग बसला. आणि तुम्ही केक नि बिर्याणी सांगताय. पर्यटकाने जावं का नाही?

मुक्काम_मलबार
पर्यटकाला काही होत नाही, खुशाल जावं. पण तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. कम्युनिस्ट पक्षाची केरळातली पहिली बैठक १९३९ मध्ये जवळच्या पिणरायी गावात झाली, आणि या भागात पक्ष ही निवडणुकीपुरती गोष्ट नाही. वाचनालय पक्षाचं, पतपेढी पक्षाची, लग्नाला मांडव घालायला येणारी पोरं पक्षाची. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे संघाचंही तसंच. त्यामुळे भांडण झालं की घराघरात शिरतं. हरताळाच्या दिवशी आम्ही दार लावून बसायचो आणि शेजारची उम्मा (मापिळा घरात आईला म्हणतात) मागच्या दाराने कालवण पाठवायची.

पण याच राजकारणाची दुसरी बाजू म्हणजे विडी कामगार. विड्या वळताना हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून कामगार वर्गणी काढून एकाला नुसतं पेपर वाचून दाखवायला बसवत. तो वाचायचा, बाकीचे वळायचे आणि वादही घालायचे. त्यांनीच १९६९ मध्ये कण्णूरला दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी केली. तुम्ही रिक्षात बसून बघा, रिक्षावाला तुम्हाला महाराष्ट्रात कोणाचं सरकार आहे आणि ते कसं पडेल ते सांगेल.

लालबावटा_नाही
हे पेपर वाचनाचं माहीत नव्हतं. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना असं कोणी वाचून दाखवलं असतं तर चित्र वेगळं असतं. असो.

खादाडखाऊ
आता तरी बिर्याणी??

मुक्काम_मलबार
घ्या. तांदूळ बासमती नाही, जीरकशाला, त्याला कैमाही म्हणतात. आपल्या आंबेमोहोरासारखा बुटका नि वासाचा. मटण किंवा चिकन मसाल्यात वेगळं शिजतं, भात वेगळा, मग थर लावून दम. लाल तिखटाचा मारा नाही, हिरवी मिरची-आलं-लसूण ठेचून. वर तळलेला कांदा, काजू, बेदाणे. सोबत खजुराचं लोणचं. हैद्राबादीची सवय असलेल्यांना पहिला घास फिका लागतो, अर्ध्या ताटापर्यंत मत बदलतं.
आणि नुसत्या बिर्याणीवर थांबू नका. अरिक्कडुक्का मागा, म्हणजे शिनाण्यांच्या शिंपल्यात तांदळाचं सारण भरून उकडतात आणि मग मसाला लावून तळतात. उन्नक्काया म्हणजे राजेळी केळं उकडून कुसकरायचं, आत गोड खोबरं, तळून काढायचं. मुट्टमाला ही नुसत्या अंड्याच्या पिवळ्या बलकाची, पाकात सोडलेली शेवयांसारखी मिठाई. ती करताना बघायला मिळाली तर सोडू नका. नारळाच्या करवंटीला बारीक भोकं पाडून त्यातून बलक उकळत्या पाकात गोल गोल सोडतात, हात थांबला की तार तुटली.

गोंयकार_खाशा
हे तर पोर्तुगीजांचंच!! तिकडे अंड्याच्या बलकाच्या अशाच तारा करतात. म्हणजे शेवटी सगळं गोव्यावरूनच गेलं.

तिरपा_डोळा
गोंयकारांनी पण पोस्टर छापायला घेतलं वाटतं.

मुक्काम_मलबार
हे सगळे पदार्थ जावयासाठी असतात बरं का. तिथल्या मापिळा घरांत मुलगी लग्नानंतर माहेरीच राहते, नवरा तिच्याकडे येतो. त्याला पुतियापळा म्हणतात, घरात त्याची खोली राखीव. सासूने रोज नवीन काहीतरी करून घालायचं. एकेका जुन्या घरात चार-चार जावई.

पायपिट्या
अधिक महिना बारा महिने!

मनीमाऊ७२
आणि सासूचं काय? तिला कधी सुट्टी? एकेका जावयाला रोज नवीन पदार्थ म्हणजे वेठबिगारीच की. हे पदार्थ कोणी शोधले ते मला आता नीट समजलं.

मुक्काम_मलबार
मनीमाऊ, अगदी हेच उम्मा म्हणायची. पण तीच पुढे म्हणायची की घर माझ्या आईचं आहे, मला इथून कोणी हाकलू शकत नाही. हेही धरा.

पायपिट्या
ठरलं. वायनाड रद्द. पहिला दिवस किल्ला, चर्च, ओडत्तिल पळ्ळी, कडलपालम, गुंडर्टचा बंगला. दुसरा दिवस मोकळा. सर्कशीचं काही बघायला मिळेल का? तालीम वगैरे?

कृष्णाकाठ
फार आशा ठेवू नका. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ-सिंह-अस्वलं गेली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने लहान मुलांना सर्कशीत घ्यायला बंदी घातली. दोन्ही बरोबरच होतं, पण झोक्यावरचं शरीर दहाव्या वर्षापासून घडवावं लागतं, त्यामुळे मल्याळी पोरं यायची बंद झाली. २०१० मध्ये केरळ सरकारने तलश्शेरीत सर्कस अकादमी काढली होती, तीही टिकली नाही. म्हातारे कलाकार आहेत गावात, सरकार त्यांना पेन्शन देतं. चहाच्या टपरीवर विष्णुपंत छत्र्यांचं नाव काढून बघा. आमच्या सांगलीत काढलं तर लोक विचारतील कोण छत्रे.

मिरवेल
फेब्रुवारीत जाताय तर अंदलूर काव हे देवस्थान चुकवू नका. धर्मडमजवळ आहे, तेव्हाच तिथला उत्सव असतो. दैवत्तार म्हणून जो तेय्यम (देवाचं रूप घेऊन नाचणारा) येतो तो राम, सोबत लक्ष्मण नि हनुमानही. आम्ही मिरीच्या निमित्ताने गेलो होतो तेव्हा बघितलं. तारीख तिथल्या कोणाला तरी विचारून घ्या, त्यांच्या कुंभ महिन्याप्रमाणे ठरते.

गोंयकार_खाशा
आणि माहे आठ-नऊ किलोमीटरवर. पुदुच्चेरीचा तुकडा, म्हणून दारू स्वस्त. फ्रेंच संस्कृतीच्या अभ्यासासाठी म्हणतोय मी.

मुक्काम_मलबार
अभ्यास तिथेच पुरा करून या, बाटल्या घेऊन केरळात शिरलात तर पोलीस धरतात. रस्त्याने जाणार असाल तर नवा बायपास घेऊ नका, वेळ वाचतो पण गाव दिसत नाही. आणि मुळप्पिलंगाडच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी चालवायला देतात, चार किलोमीटर सलग. ओहोटी बघून जा आणि पाण्यात घालू नका. भाड्याची गाडी असली तरी परत करायच्या आधी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, नाहीतर डिपॉझिट गेलं म्हणून समजा.

खादाडखाऊ
आणि बिर्याणी दुपारी दीडच्या आत. नंतर तळाची उरते. काही लोकांना तीच आवडते म्हणा, मसाला तिथेच असतो.